कोयत्याचे पाणी

खंडेनवमीला ऐरण धुवायची, हळदकुंकू वाहायचे, भाता एक दिवस थंड ठेवायचा. दसरा उलटला की पुन्हा पेटवायचा, कारण पाठोपाठ ऊसतोड येते. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीडकडच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागायच्या बेतात असतील. त्यांच्यात तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद ज्या हत्याराच्या नावाने होते ते आपल्या ऐरणीवर घडते. आपल्यापैकी बरेच जण आता स्वयंपाकाच्या देखण्या सुऱ्याही करतात, चांगल्या करतात. तरी या महिन्यात मला कोयत्याबद्दलच लिहायचे आहे.

ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण गोडी बुडख्यात जास्त. म्हणजे पाते दिवसभर उसाबरोबर माती आणि खडेही खाते. धार मऊ असली तर वळते, फार कडक असली तर झडते. पॉलिशने यातले काहीच लपत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे कोयत्याचे दोन तुकडे घेऊन आली. मुठीपासून चार बोटांवर मोडला होता. मोडलेला भाग गुळाच्या खड्यासारखा रवाळ, चमचमता. बघताक्षणी चूक कळली. संध्याकाळच्या घाईत मी ताव जास्त दिला होता, आणि पाणी दिल्यावर शेकायचे उद्यावर टाकून तो तसाच गिऱ्हाइकाच्या हाती गेला होता. तिची अर्ध्या दिवसाची तोड बुडाली. मी नवा कोयता दिला, पण अर्धा दिवस देता आला नाही.

म्हणून दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. पहिली, तावाची. चुंबक सुटला की पाणी द्यायचे, असे आपण शिकलो. हा नियम अर्धाच आहे. चुंबक साधारण ७७० अंश सेल्सियसला सुटतो. आपला बहुतेक माल ट्रकच्या कमानपाट्याचा. त्यातल्या नेहमीच्या एन-४५ जातीत कार्बन ०.५ ते ०.६ टक्के आणि सिलिकॉन १.५ ते २ टक्के असतो. या सिलिकॉनमुळे त्याला आणखी शंभरेक अंश वर न्यावे लागते, आणि तिथे नेऊन जास्त वेळ ठेवले तर कण वाढतात. माझा कोयता त्यातच गेला. रंग सावलीत बघा. आपल्या आजोबांची भट्टी अंधाऱ्या कोपऱ्यात असायची ती याचसाठी. रस्त्याकडेला उन्हात काम करणाऱ्याला लाल-नारिंगीतला फरक दिसत नाही. ताव चुकून चढलाच, तर पाते हवेत निवू द्या, पुन्हा चुंबक सुटल्याच्या थोडे वरपर्यंत तापवा, पुन्हा निववा. तीन वेळा असे केले की कण बारीक होतात. आणि आपण ‘पाणी’ म्हणत असलो तरी कमानपाट्याला तेलच द्या, तेही ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून. थंड पाण्यात पाते तडकते, आणि तड कधीकधी पहिला खडा लागेपर्यंत दिसतही नाही.

दुसरी गोष्ट शेकाची. तेलातून काढल्यावर कानस काचेवरून घसरावी तशी घसरली की आपल्याला आनंद होतो. त्या क्षणी पाते काचेइतकेच ठिसूळ असते. त्याच दिवशी, झोपायच्या आधी, शेका. भट्टीजवळ ओव्हन असेल तर सुरीला २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास, दोनदा. नसेल तर पाते घासून लखलखीत करा आणि तापलेल्या जाड लोखंडी पट्टीवर पाठीच्या बाजूने धरा. पाठीकडून रंग सरकत येतील: आधी वाळल्या कडब्याचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. कोयत्याची पाठ निळी व्हावी आणि धारेवर तपकिरी पोचताच पाते निववावे. सुरीला मात्र पिवळ्यावरच थांबायचे.

हाच निळा रंग ग्राइंडरवर धारेशी दिसला, तर तिथले पाणी उतरले असे समजा. ती जागा आता कितीही घासली तरी धार धरणार नाही. पाण्यात बुडवत, हलक्या हाताने, उघड्या बोटांनी घासा. बोटाला चटका बसला की थांबा.

भंगारातला प्रत्येक पाटा वेगळा. एका पाट्यातून दहा कोयते काढण्याआधी करंगळीएवढा तुकडा तापवा, पाणी द्या, फडक्यात गुंडाळून शिकंज्यात मोडा. चेहरा आणि डोळे झाका, तुकडा उडतो. आतला भाग राखेसारखा करडा, बारीक दिसला तर ताव बरोबर. गुळासारखा दिसला तर चुकला.

असे मोडलेले तुकडे मला हवे आहेत. तुकडा तेल लावून कागदात गुंडाळा आणि सोबत चिठ्ठी लिहा: पाटा कुठल्या गाडीचा, रंग कुठला बघितला, तेल कुठले, मोडायला किती जोर लागला. चुकलेले तुकडे आधी पाठवा. मार्गशीर्षाच्या अंकात त्यांचे फोटो शेजारी शेजारी छापू.