लॅपटॉप सुरू होईना? फॉरमॅटची घाई नको!

जुनी सांगवीच्या एक वाचक भगिनी लिहितात : ‘लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी अक्षरं येतात. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट करावं लागेल. सासूबाई आता नाहीत, पण त्यांचे सगळे फोटो त्यातच आहेत. काय करू?’

ताई, आधी दुकानदाराला ‘थांबा’ म्हणा. फॉरमॅट करणं म्हणजे डिस्क पुसून काढणं. या अक्षरांचा अर्थ एवढाच, की विंडोज ज्या डिस्कवर आहे ती यंत्राला सापडत नाही, किंवा सापडूनही तिच्यावरून सुरू होता येत नाही. किल्ली मिळेना म्हणून कपाटातले दागिने गेले, असं थोडंच होतं!

घरच्या घरी एवढं करून पाहा :

१. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड काढून ठेवा. कधी कधी यंत्र त्यांच्यातच विंडोज शोधत बसतं.

२. चार्जर काढून चालू-बंदचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग चार्जर लावून पुन्हा सुरू करा.

३. तरीही नाहीच, तर चालू करताच एफ२ (एचपी असल्यास एफ१०) हे बटण भराभर दाबा. ‘बायॉस’चा पडदा उघडेल. तिथे डिस्कचं नाव दिसतं का, तेवढंच पाहा. बाकी कशाला हात लावू नका. तिथली मांडणी उगाच बदलली तर चांगली डिस्कही सुरू होत नाही.

नाव दिसलं, तर बहुधा विंडोजच्या फायली बिघडल्या आहेत. बॅटरी कामातून गेलेला लॅपटॉप वीज जाताच पटकन बंद पडतो, त्यानेही असं होतं. हे पुष्कळदा फोटो न पुसता दुरुस्त होतं. नाव दिसलं नाही, तर जोडणी सैल झाली असेल किंवा डिस्कच बिघडली असेल. जुन्या, फिरत्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक खेपेला नुकसान वाढू शकतं.

दुकानात देताना ‘आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर काढावेत, विचारल्याशिवाय काही पुसू नये’ असं पावतीवर लिहून घ्या. डिस्क बदलली तर जुनी परत मागा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कला ‘बिटलॉकर’चं कुलूप असतं. त्याची ४८ अंकी किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळते. ती आधी उतरवून ठेवा.

ज्यांचा लॅपटॉप आज ठणठणीत आहे, त्यांनीही या रविवारी फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. आणि मुळा-पवनेच्या काठी राहणाऱ्या सांगवीकर भगिनींनी पावसाळ्यात ती डिस्क खालच्या कपाटात न ठेवता माळ्यावर ठेवावी!