माल बाजारात आहे, पण कारखान्यात बनतो काय?

टायमर, स्टॅबिलायझर, वजनकाटे यांचे कंट्रोल बोर्ड बनविण्याच्या व दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक तरुण आहेत. या बोर्डाचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर चिप. ती घेताना बहुतेक जण दुकानदाराला एवढेच विचारतात, "माल आहे का?" आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. कंपनी ती चिप अजून बनविते काय, हे आधी पाहिले पाहिजे. दुकानातला साठा आज आहे, उद्या संपेल. ऑर्डर मात्र वर्षभराची घेतलेली असते.

८०५१ चे उदाहरण घ्या. इंटेलने ही चिप १९८० साली आणली आणि २००७ साली आपले उत्पादन थांबविले. त्याच घराण्यातील चिप इतर कंपन्या बनवीत राहिल्या. त्यांपैकी ॲटमेलची एटी८९सी५१ आपल्याकडे फार चालली. पुढे खुद्द ॲटमेलनेच कळविले की, नव्या कामाला ती घेऊ नका, एटी८९एस५१ घ्या. अक्षर एकच बदलले, पण प्रोग्राम भरण्याची पद्धतही बदलली. ज्याला हे उशिरा कळले, त्याचा जुना प्रोग्रामर कुचकामी ठरला. २०१६ साली ॲटमेल मायक्रोचिपने विकत घेतली. तेव्हा आता चौकशी तिथे करावी.

चौकशी कठीण नाही. चिपवरचा नंबर शेवटच्या अक्षरांसह उतरून घ्यावा, कारण एक पॅकेज बंद होते आणि दुसरे चालू राहते. मग कंपनीच्या संकेतस्थळावर तिची स्थिती पाहावी: उत्पादन चालू, नव्या डिझाइनसाठी नको, शेवटची खरेदी, की बंद. बंद करण्याची सूचना निघाल्यावर शेवटच्या ऑर्डरसाठी साधारण सहा महिने मिळतात. मोठी ऑर्डर असेल तर अधिकृत वितरकाकडून लेखी घ्यावे.

यात सचोटीचाही प्रश्न आहे. चिप बंद झाली की भंगार बोर्डावरून काढलेल्या चिपा घासून, नवा शिक्का मारून 'नवीन' म्हणून विकल्या जातात. दुरुस्तीसाठी जुनी चिप वापरणे गैर नाही. ती जुनी आहे हे लपविणे गैर आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या पैगंबरांचे (स.) आपण अनुयायी आहोत. ओला दाणा वर ठेवावा, ही त्यांची शिकवण चिपेलाही लागू आहे. ग्राहकाला खरे सांगा आणि बिलावर तसे लिहा. नफा थोडा कमी होईल, पण कमाई हलाल राहील आणि गिऱ्हाईक परत येईल.