बोटीत बसण्याआधीची मुंबई



मुंबई बंदरातून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपकडे काही रात्रींची सहल करणारी मोठी प्रवासी बोट २०२१ पासून सुरू झाली. कोल्हापूरच्या सिद्धार्थनगरापासून इचलकरंजीपर्यंत आपल्या घरांतून आता तिची चर्चा ऐकू येते. मुलगी नर्स झालेली असते, मुलगा पुण्याच्या कंपनीत लागलेला असतो, आणि आईवडिलांना एकदा तरी समुद्रावर न्यावे असे त्यांच्या मनात येते. यात गैर काही नाही. ज्यांनी हयात यंत्रमागावर, शिरोलीच्या फौंड्रीत किंवा दुसऱ्याच्या बांधावर घालवली, त्यांनी दोन दिवस खुर्चीत बसून लाटा बघितल्या तर कुणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. अट एकच, की त्यासाठी सावकाराचे किंवा बचत गटाचे कर्ज काढू नये.

आज आम्हांला बोटीबद्दल बोलायचे नाही. कोल्हापुरातून निघून त्या बोटीच्या शिडीपर्यंत पोचायचे कसे, याबद्दल बोलायचे आहे. आपल्याकडे होते असे की बोटीचे तिकीट चार ठिकाणी चौकशी करून काढतात, आणि मुंबईपर्यंतचा प्रवास मात्र ‘जाऊ कसेतरी’ म्हणून सोडून देतात. पण एस.टी. चुकली तर मागून दुसरी येते, बोट चुकली तर गेली. बोट सुटण्याच्या काही तास आधीच आत घेण्याचे काम बंद होते, आणि उशिरा आलेल्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. चार माणसांच्या घरात ती दोन-तीन महिन्यांची कमाई असते.

म्हणून पहिला नियम असा, की बोटीच्या दिवशी मुंबईत पोचू नये, आदल्या दिवशी पोचावे. एका रात्रीच्या खोलीचा खर्च वाचवण्यासाठी सगळ्या सहलीचा जुगार खेळण्यात शहाणपण नाही.

विमान, रेल्वे की एस.टी.?

उजळाईवाडीच्या विमानतळावरून मुंबईला विमान जाते, हे कोल्हापूरकरांच्या अभिमानाचे आहे. आपल्या आईने विमानात बसावे असे वाटणे हेही स्वाभाविक आहे. पण हिशेब मांडून पाहा. कोल्हापूरहून विमाने मोजकीच आहेत. एखादे रद्द झाले तर त्याच दिवशी दुसरे मिळेलच असे नाही. शिवाय मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. सहार-सांताक्रूझचा जुना, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालेला नवी मुंबईचा. आपल्या तिकिटावर यांपैकी कोणता आहे हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे. जुन्या विमानतळावरून ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत येते, म्हणजे टॅक्सीचे भाडे वाचते. नवी मुंबईहून मात्र खाडी ओलांडून यावे लागते. त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडीचा अटल सेतू सोयीचा आहे, पण टोल व टॅक्सी धरून खर्च वाढतो.

आता रेल्वे पाहा. कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री निघते आणि सकाळी मुंबईत शेवटच्या स्थानकावर, म्हणजे आपल्या जुन्या बोरीबंदरला, उतरवते. कोयना एक्सप्रेस सकाळी निघते आणि रात्री त्याच ठिकाणी पोचवते. तिथून बॅलार्ड पिअरचा धक्का जेमतेम दोन किलोमीटर आहे. विमानतळापासून तोच धक्का वीस-पंचवीस किलोमीटर पडतो. म्हणजे गरिबाची गाडीच बोटीच्या सर्वांत जवळ नेऊन सोडते! असा योग फार क्वचित येतो, तो सोडू नये.

समजा बोट शुक्रवारी आहे. गुरुवारी सकाळी कोयनेने निघालात तर रात्री मुंबईत पोचून झोपता येते. एक दिवस मुंबई पाहायची असेल तर बुधवारी रात्री महालक्ष्मीने निघावे आणि गुरुवारचा दिवस शहरात घालवावा. खोलीचे भाडे दोन्ही वेळा एकाच रात्रीचे पडते. आरक्षण साठ दिवस आधी उघडते, हा नियम नोव्हेंबर २०२४ पासून आहे. त्याच आठवड्यात तिकीट काढावे. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, पण खालच्या बर्थसाठी त्यांना व पंचेचाळीस वर्षांवरील महिलांना प्राधान्य आहे. अर्ज भरताना वय बरोबर लिहावे. गुडघे दुखणाऱ्या आईला वरच्या बर्थवर चढवून सहलीची सुरुवात करू नये.

एस.टी. सर्वांत स्वस्त पडते. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि पंच्याहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आधार कार्ड मात्र जवळ ठेवावे लागते. पण खंबाटकी आणि बोरघाटातली कोंडी व रस्त्याची कामे यांमुळे वेळेचा भरवसा कमी. बस कुठे सोडते हेही आधी विचारावे. दादरला किंवा मुंबई सेंट्रलला उतरल्यास पुढे सामान घेऊन लोकल किंवा टॅक्सी आलीच.

मग विमानाची हौस भागवायचीच नाही काय? जरूर भागवावी, पण परतीला. जाताना विमान रद्द झाले तर बोट जाते. येताना रद्द झाले तर फार तर एक दिवस मुंबईत जास्त काढावा लागतो. हौस तीच, धोका मात्र कितीतरी कमी. आणि काही सहली गोव्यातच संपतात, हेही तिकिटावर पाहावे. मुरगाव बंदरात उतरल्यावर पुन्हा मुंबईला जाण्याचे कारण नाही. गोव्याहून कोल्हापूरला बस मिळते.

मुक्काम कुठे?

मुंबईत आपले नातेवाईक नाहीत असे घर विरळाच. चेंबूर, गोवंडी, कुर्ला, वडाळा इथे मावशी किंवा चुलते असतील तर हार्बर लाइन थेट बोरीबंदरला येते. पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे आधीच राहत असतील, तर आपण आणखी चौघांनी बॅगांसह जाऊन त्यांना रात्रभर दाराशी बसवू नये. त्यांना भेटून यावे, जेवावे आणि झोपायला दुसरीकडे जावे. यात मान कमी होत नाही. सकाळच्या गर्दीच्या वेळी सामान घेऊन लोकलमध्ये चढणे म्हाताऱ्यांच्या जिवावर बेतू शकते, हेही विसरू नये.

बोरीबंदर स्थानकावर रेल्वेच्या विश्रांती खोल्या आहेत. त्या तिकिटाच्या क्रमांकावर आरक्षित होतात, पण लवकर भरतात. फोर्ट भागात साधे लॉज भरपूर आहेत. लॉज निवडताना तीन प्रश्न विचारावेत. लिफ्ट आहे काय? खोली किती वाजता मिळते आणि किती वाजता सोडावी लागते? खोली सोडल्यावर सामान ठेवून घेतात काय? बोट दुपारनंतर असते आणि खोली सकाळी रिकामी करावी लागते, तेव्हा हा तिसरा प्रश्न फार कामाचा ठरतो.

मुक्कामाची गोष्ट निघाली की आपल्याला एक जुनी जखम आठवल्याशिवाय राहत नाही. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, आणि एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत हा विद्वान माणूस बागेत बसून राहिला. त्याच काळात आमच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले, आणि छत्रपती स्वतः तिथे जाऊन चहा पीत. एक माणूस दार लावतो, दुसरा दार उघडतो, असा हा इतिहास आहे.

आज ते दार कायद्याने उघडे आहे. बाबासाहेबांच्या संविधानाचे कलम १५ स्पष्ट सांगते की दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीच्या किंवा धर्माच्या कारणावरून कुणालाही मज्जाव करता येणार नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेपोटी केलेला असा मज्जाव गुन्हा ठरवतो. म्हणून खोली आधी पैसे भरून आरक्षित करावी, पावती घ्यावी, ओळखपत्र ताठ मानेने पुढे करावे. आडनाव पाहून कुणी ‘खोली शिल्लक नाही’ म्हणू लागला तर कारण लेखी मागावे. गरज पडली तर पोलीस ठाणे गाठावे. ज्यांनी नाव बदलून राहण्याची पाळी भोगली, त्यांच्या लेकरांनी नाव लपवून राहू नये.

धक्का कोणता?

मुंबईत समुद्रावर जाण्याची ठिकाणे अनेक. गेटवेवरून घारापुरीच्या लाँच सुटतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो जाते. सहलीची मोठी बोट लागते ती बॅलार्ड पिअरला, इंदिरा डॉकजवळ, जिथे सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. टॅक्सीवाल्याला नुसते ‘बोटीवर जायचे’ म्हणालात तर तो भलतीकडे नेईल. तिकिटावरील प्रवेशद्वाराचे नाव कागदावर लिहून घरातल्या प्रत्येकाच्या खिशात ठेवावे.

निरोपावर विसंबू नये, हेही बाबासाहेबांच्याच बालपणातून शिकावे. १९०१ साली ते घरातल्या मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कुणीच आले नव्हते, कारण पाठवलेले पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. जात कळताच स्टेशन मास्तरचा चेहरा बदलला. गाडीवाला मिळाला तो दुप्पट भाडे घेऊन, आणि तोही बैलगाडी मुलांनीच हाकावी या अटीवर. आपली मुंबईची गाडी आजही त्या मसूरवरून जाते. मुलांना ते स्टेशन दाखवावे आणि ही हकीकत सांगावी. ‘मामा घ्यायला येतील’ एवढ्यावर न राहता टॅक्सीचे पैसे आणि पत्ता आपल्याजवळ ठेवावा.

सामानाचेही तसेच. १९१७ मध्ये बाबासाहेब एका बोटीने परतले आणि सामान दुसऱ्या बोटीने निघाले. ती दुसरी बोट महायुद्धात बुडवली गेली, आणि ग्रंथ समुद्रात गेले. आज युद्ध नाही, पण मोठ्या बॅगा धक्क्यावर आपल्या हातून घेतात आणि खोलीत पोचायला वेळ लागतो. रक्तदाबाच्या व साखरेच्या गोळ्या, मूळ ओळखपत्रे, चष्मा, पैसे आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत असावा. झेरॉक्सवर विसंबू नये. बोट परदेशी बंदराला जाणार असेल तर पासपोर्ट लागतो. घरचे जेवण बहुतेक बोटींवर नेऊ देत नाहीत, तेव्हा भाकरी-ठेच्याचा डबा रेल्वेतच संपवावा. आणि बोटीवर बार व जुगाराचे टेबल असले तरी मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा किनाऱ्यापुरती नव्हती, हे पुरुष मंडळींनी ध्यानात ठेवावे.

मुंबईत जो मोकळा वेळ मिळेल तो बाजारात घालवू नये. बोरीबंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, फोर्टमध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय आहे. बाबासाहेबांनी ते १९४६ साली सुरू केले. दादरला चैत्यभूमी आणि राजगृह आहे. फक्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोट घेणार असाल तर गाड्या आणि मुक्काम महापरिनिर्वाण दिनासाठी येणाऱ्या बांधवांनी भरलेले असतात, हे धरून चालावे.

आणि धक्क्यावर उभे राहिल्यावर मुलांना एवढे जरूर सांगावे, की ४ ऑक्टोबर १९३० रोजी गोलमेज परिषदेला जाण्यासाठी बाबासाहेब याच मुंबई बंदरातून निघाले होते. ते कोट्यवधी मुक्या माणसांचे गाऱ्हाणे घेऊन निघाले होते. आपण सुखाची सहल करायला निघालो आहोत. पण ती वेळेवर, स्वतःच्या कष्टाच्या पैशाने आणि स्वतःच्या नावाने करावी, एवढी अपेक्षा त्यांच्या लेकरांकडून ठेवायला हरकत नाही.

जयभीम!