चाबी कुणाला ओळखते?

गेल्या रमजानमध्ये जाफरनगरला बहिणीकडे इफ्तारला गेलो होतो. तरावीह आटोपून निघालो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. रिमोटने दार उघडले, चाबी फिरवली, इंजिन सुरू झाले आणि दोन सेकंदांत बंद पडले. पुन्हा तेच. डॅशबोर्डवर गाडी आणि चाबीचे चित्र असलेला लाल दिवा भराभर लुकलुकत होता. पेट्रोल होते, बॅटरी ठणठणीत होती. गाडी स्वतःच्या मालकालाच चोर समजून बसली होती.

या यंत्रणेला इमोबिलायझर म्हणतात. चाबीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी चिप असते. तिला सेल लागत नाही. चाबी लावून फिरवली की कुलपाभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते आणि ती आपला कोड सांगते. कोड जुळला तर इंजिनचा कॉम्प्युटर इंधन आणि स्पार्क सोडतो, नाहीतर अडवतो. दार उघडणारा रिमोट हा वेगळा कारभार आहे. म्हणून दार उघडते, चाबी फिरते, पण गाडी चालत नाही. युरोपात नव्या गाड्यांना ही यंत्रणा 1998 पासून सक्तीची झाली. अमेरिकेत सक्ती नव्हती. तिथे ती न बसवलेल्या काही किया आणि ह्युंदाई गाड्या पोरांनी 2022 च्या सुमारास मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून सर्रास पळवल्या. म्हणजे यंत्रणा कामाची आहे. तक्रार तिच्याबद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. संध्याकाळी फोन आला: कंट्रोल युनिट बदलावे लागेल, खर्च चाळीस हजारांच्या घरात. ईद तोंडावर आणि हा आकडा. एका मित्राने मोमिनपुऱ्यातल्या एका मिस्त्रीचे नाव सुचवले. मी फक्त चाबी घेऊन गेलो.

त्यांनी चाबीला हात लावण्याआधी आरसी मागितली, मग आधार. दोन्हीची नोंद एका जाडजूड रजिस्टरमध्ये केली, माझी सही घेतली. मला जरा राग आला. म्हटले, "चाचा, मी काय चोर दिसतो का?" ते हसले. "आप नहीं दिखते भाई, हम दिखते हैं. एखादी गाडी चोरीची निघाली तर पोलीस आधी कुणाच्या दुकानात येतील? हे रजिस्टरच मला वाचवते."

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: "चाबीचे कव्हर कधी बदलले?"

त्याच संध्याकाळी बदलले होते. तडकलेले कव्हर बहिणीच्या गल्लीच्या तोंडाशी एका टपरीवर बदलून घेतले होते. जुने कव्हर भाच्याने खेळायला घेतले होते. चाचांनी चाबी उघडून दाखवली. रिमोटचे सर्किट होते, चिपची जागा रिकामी. बहिणीला फोन केला. भाच्याच्या खेळण्यांच्या डब्यात जुने कव्हर सापडले आणि त्याच्या खाचेत चिप. अर्ध्या तासात गाडी सुरू झाली. चाचांनी दोनशे रुपये घेतले.

यातून शिकलो ते थोडक्यात सांगतो. बंद गाडीत दिवा संथ लुकलुकतो, ते ठीक आहे. चाबी फिरवल्यावर तो काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर आधी दुसरी चाबी लावून पाहा. त्या चाबीने गाडी चालली तर दोष पहिल्या चाबीत आहे, गाडीत नाही. रिंगमध्ये दुसऱ्या गाडीची चिपवाली चाबी असेल तर ती काढा, दोन चिपांचा गोंधळ होतो. बटणाची गाडी असेल तर रिमोटचा सेल उतरला असेल. बहुतेक गाड्यांत रिमोट बटणाला टेकवून सुरू करता येते. दिवेच मंद असतील, स्टार्टर नुसता टक्‌टक् करत असेल, तर तो बॅटरीचा प्रश्न आहे. आणि कव्हर बदलताना चिप नव्या कव्हरमध्ये गेली का, हे डोळ्यांनी पाहा. जुनी गाडी घेताना दोन्ही चाब्या मागून घ्या. मी एकावर भागवले होते. चोरीच्या क्लेमला विमा कंपनीही दोन्ही चाब्या मागते.

पण मला खरे बोलायचे आहे ते त्या रजिस्टरबद्दल. गाड्यांची माहिती, सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे बाहेरच्या मिस्त्रींना मिळू न देणाऱ्या 14 कार कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. पुढे अपिले झाली. 2022 च्या डिसेंबरमध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. कागदावर एवढे झाले. चाचांकडे मात्र आजही नव्या गाड्यांची चाबी प्रोग्राम करायचे अधिकृत साधन नाही. कंपन्या म्हणतात, हे ज्ञान खुले केले तर चोरांचे फावेल. भीती खोटी नाही. पण चोर परवानगी मागत नाही, तो आपली सोय करून घेतो. अडतो तो प्रामाणिक कारागीर आणि त्याचे गिऱ्हाईक.

अमेरिकेत चाबीवाल्यांची पार्श्वभूमी तपासून त्यांची नोंदणी करतात आणि अशा नोंदणीकृत माणसाला कंपन्या कोड देतात. प्रत्येक कामाचा हिशेब राहतो. चाचा तेच करतात, फक्त त्यांच्या रजिस्टरला सरकारी शिक्का नाही. परिवहन खात्याने आणि पोलिसांनी मिळून असे परवाने द्यावेत. मग दाढी-टोपी पाहून संशय घ्यायची गरज उरणार नाही. परवाना पाहता येईल.

आपल्या समाजालाही सांगायचे आहे. आपली पोरे दहाव्या वर्षी गॅरेजमध्ये जातात, विसाव्या वर्षी उस्ताद होतात, पण हातात कागद नसतो. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड दोन वर्षांचा आहे. उद्या परवाने आले तर ते कागद असलेल्यालाच मिळतील.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी आधी बांधायला सांगितले होते. चाचांनी आपला उंट रजिस्टरने बांधला आहे. निघताना मी त्यांना म्हणालो, पुढच्या वेळी आरसी मागितली तर रागावणार नाही. ते म्हणाले, "रागवा, पण आरसी आणा."