गळ घ्यायचाय? आधी व्हायवा द्या!

हॉस्टेलवर राहून माणूस तीन गोष्टी शिकतो. दुसऱ्याच्या बादलीत आपले कपडे भिजवणं, रात्री दोन वाजता मॅगी करणं आणि रविवारी दुपारी पाताळगंगेच्या काठी गळ टाकून बसणं. पहिल्या दोन गोष्टींवर आपल्या मासिकात दरवर्षी कोणीतरी लिहितंच. तिसरीवर मी लिहितो.

सेकंड इयरला मी आणि माझ्या रूम पार्टनरने ऑनलाइन एक ‘फिशिंग सेट’ मागवला. घडीची काठी, चकचकीत रीळ, रंगीत प्लॅस्टिकचे मासे आणि डबीभर आकडे. पार्सल आलं तेव्हा अख्खा मजला बघायला जमला होता. दोन रविवार नदीवर बसलो, पण साधी चिलापीसुद्धा लागली नाही. शेजारी वाडीतला एक पोरगा बांबूची काठी आणि तंगूस घेऊन बसला होता, त्याने तासाभरात पिशवी भरली. शेवटी लाज सोडून विचारलं, “दादा, गळ कुठून घेतलास?” तो म्हणाला, “मोहोपाड्याच्या बाजारातून. पण काका विचारतील तेवढं नीट सांग.”

दुकान कसलं, एक टपरीवजा गाळा. सुतळी, खिळे, टॉर्चचे सेल आणि त्यातच एका बरणीत आकडे. मी ऐटीत म्हणालो, “काका, चांगला मोठा गळ द्या.” काकांनी बरणीला हातही लावला नाही. उलट प्रश्न सुरू केले. कुठं बसणार? कुठला मासा पाहिजे? किती वाजता जाणार? पोहता येतं का? एक्स्टर्नलने कधी माझी एवढी व्हायवा घेतली नव्हती!

त्या दिवशी कळलं की आमच्या डबीतले आकडे ५/० नंबरचे होते, म्हणजे समुद्रातल्या मोठ्या माशाचे. आकड्याचे नंबर आपल्या वायर गेजसारखेच उलटे चालतात. १० नंबर ६ नंबरपेक्षा बारीक. १ नंबर झाला की पुढे १/०, २/० असे आकडे मोठे होत जातात. वर्कशॉपमध्ये गेजचं कोष्टक पाठ करणारे आम्ही, आकडे घेताना मात्र फक्त फोटो बघितला. चिलापीचं तोंड केवढं, याचा विचार कोणी केलाय!

आमिषाचंही तसंच. शिंगटीला गांडूळ चालतं, रोहूला कणकेचा गोळा लागतो, मरळ जिवंत हलणाऱ्या भक्ष्यावर धावतो. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची, नाहीतर घर्षणाने तंगूस तापून तिथेच कमजोर होतो. हे काकांनी सांगितलं. कारण मात्र आम्ही स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये शिकलो होतो आणि पेपर देऊन विसरलो होतो.

पण मला खरं म्हणायचंय ते पुढेच आहे. चांगलं दुकान कुठलं? जिथे माल जास्त ते? माझं मत असं, की जो दुकानदार कधीतरी ‘नाही’ म्हणतो त्याचं दुकान चांगलं. जुलैमध्ये आम्ही मरळसाठी मोठे आकडे मागायला गेलो तेव्हा काका म्हणाले, “आत्ता नाही. पाण्यावर लाल पिल्लांचा घोळका दिसतो ना, त्याच्या खाली त्यांचे आईबाप राखण करतात. त्यांना काढलंस तर सगळी पिल्लं दुसरे मासे खातील.” पावसाळा हा आपल्याकडच्या बहुतेक गोड्या पाण्यातल्या माशांचा विणीचा काळ. वलगणीला अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात तेव्हा ते हाताने धरण्याइतके सोपे असतात. खायला ते चविष्ट लागतात हे मान्य, पण पुढच्या वर्षीचा गळ रिकामा राहण्याचं एक कारण तेच आहे. वीस-पंचवीस रुपयांची विक्री सोडून हे सांगणारा माणूस कुठल्या वेबसाइटवर भेटेल?

दुसरी गोष्ट जिवाची आहे. पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी असतं, याचं आपल्याला कौतुक वाटतं. ते पाणी येतं खोपोलीहून. लोणावळ्याच्या वरच्या तलावांतलं पाणी घाटाखाली सोडून टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून वीज बनवतंय, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेलं पाणी या नदीत येतं. म्हणजे आभाळ कोरडं असलं तरी तिकडे वीजनिर्मिती वाढली की पाणी वाढू शकतं. कोलाडला राफ्टिंगला गेलेल्यांना हे माहीत आहे. तिथे कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजकेंद्राचं पाणी सुटलं की मगच राफ्ट निघतात. आम्ही एकदा मधल्या खडकावर बसलो होतो. पाऊस नव्हता, ढग नव्हते. अर्ध्या तासात चपला वाहून गेल्या आणि परतीची वाट गुडघाभर पाण्यात. आम्ही कसेबसे बाहेर आलो. काकांना सांगितलं तर ते ओरडलेच, “म्हणूनच विचारतो ना, किती वाजता जाणार!”

हॉस्टेलच्या बोर्डावर दर पावसाळ्यात ‘नदीवर जाण्यास सक्त मनाई आहे’ अशी नोटीस लागते. नोटीस योग्यच आहे. पण रेक्टर सरांना एक नम्र विनंती, खाली दोन ओळींत कारणही लिहा. पाऊस नसतानाही पाणी वाढू शकतं, हे बाहेरगावहून आलेल्या पोराला कसं कळणार? नुसती मनाई वाचली की इंजिनिअरिंगच्या पोराला मागची भिंत दिसते. कारण वाचलं तर तो निदान थांबून विचार करेल.

कोणी म्हणेल, ऑनलाइन स्वस्त मिळतं, व्हरायटी असते. खरं आहे. चांगलं रीळ मोहोपाड्यात मिळत नाही, त्यासाठी ऑनलाइन मागवा किंवा मुंबईला जा. माझी ना नाही. पण आकडा, तंगूस, शिसं आणि गांडुळं इथलीच घ्या. त्या पैशात नदीची माहिती फुकट मिळते. कुठला डोह फसवा आहे, कारखान्यांच्या पट्ट्यात कुठल्या नाल्याच्या खालचा मासा गावातली माणसं घरी नेत नाहीत, हे पाकिटावर छापलेलं नसतं. अशी दुकानं गिऱ्हाईकाअभावी बंद पडली तर आकडे कुठूनही येतील, पण ही माहिती देणारं कोणी राहणार नाही.

तेव्हा नवीन दुकानात गेलात तर आधी किंमत विचारू नका. “काका, सध्या काय लागतंय?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. तो उलट प्रश्न विचारू लागला तर समजा, दुकान सापडलं. आणि हो, उठताना तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. तो कुजत नाही, बगळ्याच्या पायात मात्र अडकतो. खिशात घाला आणि मोहोपाड्यापर्यंत आणा.

आमचा तो ऑनलाइन सेट अजून रूममध्ये आहे. काठी फार उपयोगी पडली. तिच्यावर टॉवेल छान वाळतात.