ओटीपीच्या भरवशावर सिंगल साइन-ऑन नको

सिंगल साइन-ऑनमध्ये ईमेल, पगारपत्रक, हिशेब, फायली या साऱ्यांचे लॉगिन एकाच ओळख-सर्व्हरकडे सोपवलेले असते. तो माणसाची ओळख एकदा पटवतो आणि सॅम्ल २.० (२००५) किंवा ओपनआयडी कनेक्ट (२०१४) या मानकांनुसार बाकीच्या यंत्रणांना तशी हमी देतो. ही हमी कशाच्या जोरावर दिली, याची चौकशी त्या यंत्रणा सहसा करत नाहीत. त्यामुळे ओळख कशी पटवायची, हा या उभारणीतला सर्वांत मोठा निर्णय ठरतो.

काहींच्या मते यात ठरवण्यासारखे काही उरलेलेच नाही. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, बँकांमुळे ओटीपी अंगवळणी पडला आहे, तेव्हा पासवर्ड आणि एसएमएस एवढे पुरे. पासकी आणि यूएसबी चाव्या हे बड्या कंपन्यांचे चोचले.

तळघरातल्या कचेरीत रेंज नसते आणि दुसऱ्याचे सिम आपल्या नावावर करून घेणारे भामटे कमी नाहीत, हे आक्षेप किरकोळ समजून सोडून देता येतील. मुख्य दोष वेगळाच आहे. ओटीपी कुठे टाकला जातो आहे, हे ओटीपीला कळत नाही. कर्मचाऱ्याला मेल येतो: ‘तुमची रजा नामंजूर झाली आहे, तपशिलासाठी लॉगिन करा.’ उघडणारे पान हुबेहूब कंपनीचे असते, पत्त्यात एक अक्षर तेवढे वेगळे. तिथे टाकलेला पासवर्ड बनावट पान तत्क्षणी खऱ्या सर्व्हरकडे धाडते. खरा सर्व्हर खऱ्या फोनवर खरा ओटीपी पाठवतो. ते सहा आकडेही त्याच वाटेने पुढे जातात आणि सर्व्हरने दिलेली सेशन कुकी चोराच्या हाती पडते. एरवी एक खाते गेले असते. इथे पगारपत्रकासकट सगळे जाते. अथेंटिकेटर अ‍ॅपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा आकडाही असाच चोरता येतो.

‘मग लोकांना प्रशिक्षण द्या’ हे यावरचे ठरलेले उत्तर. फोनच्या पडद्यावर पत्ता अर्धाच दिसतो. तो न चुकता वाचण्याची सक्ती म्हणजे यंत्रणेचे पाप कर्मचाऱ्याच्या माथी मारणे. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणारेही असेच बोलत. लोक शेवटचा आकडा वाढवत राहिले आणि चिठ्ठी मॉनिटरला चिकटवत राहिले. अमेरिकेच्या सरकारी मार्गदर्शिकेने २०१७ मध्ये ही सक्ती चुकीची ठरवली. त्याच मार्गदर्शिकेने एसएमएसवरील ओटीपीवरही निर्बंधित असा शिक्का मारला, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

योग्य निवड पासकीची, म्हणजे फोनमध्ये किंवा यूएसबी चावीत साठवलेल्या डिजिटल किल्लीची आहे. तिचे वेबऑथन हे मानक २०१९ पासून अस्तित्वात आहे. पासकी ज्या डोमेनसाठी बनली त्याच डोमेनला उत्तर देते. पत्त्यातले वेगळे अक्षर माणसाच्या नजरेतून सुटले तरी ब्राउझरच्या सुटत नाही. अ‍ॅडमिन आणि हिशेब विभागाला प्रत्येकी दोन यूएसबी चाव्या द्याव्यात, इतरांना फोनमधली पासकी पुरते. जिथे तीही चालत नाही, तिथे तात्पुरते अथेंटिकेटर अ‍ॅप. चावी हरवल्यास ओळख समक्ष पटवूनच नवी द्यावी. ‘चावी विसरलात? एसएमएस मागवा’ ही सोय ठेवली, तर चोर तिथूनच येईल. उभारणी करणाऱ्यांनी एसएमएसचा पर्याय पहिल्याच दिवसापासून बंद ठेवावा. लोकांना एकदा त्याची सवय लागली की तो काढणे फार जड जाते.