काळीचा रंग, काळीचा कस

परभणी जिल्ह्यात जमिनीच्या सौद्याची बैठक बसली की पहिला प्रश्न पाण्याचा आणि दुसरा रंगाचा. काळी आहे का? काळी म्हटलं की भाव चढतो. बरड, तांबूस, मुरमाड म्हटलं की विकणाऱ्याचाच आवाज खाली येतो. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडची गोदाकाठची खोल काळी पाहिली की परगावच्या पाहुण्यालाही वाटतं, हिला काय कमी असणार! काळ्या रंगावर आपला जितका भरवसा आहे, तितका सातबाऱ्यावरही नसेल.

या भरवशाची पहिली गंमत अशी की मृदशास्त्रज्ञांच्या लेखी आपली काळी बहुतेक वेळा काळी नसतेच. मातीचा रंग ते डोळ्यांच्या अंदाजाने ठरवत नाहीत. अल्बर्ट मुन्सेल नावाच्या अमेरिकी कलाशिक्षकाने शंभरेक वर्षांपूर्वी रंगांची मोजपट्टी तयार केली. तिच्यावरून बनलेलं रंगपत्रांचं पुस्तक शेतात नेऊन ढेकूळ त्या पत्रांशी ताडून पाहतात. मराठवाड्यातल्या काळ्या जमिनींची नोंद त्यात बऱ्याचदा ‘अतिगडद करडा तपकिरी’ अशी होते. ओली असताना गडद, वाळली की एक पायरी फिकी. म्हणून जमीन पाहायला पावसाळ्यात नेणारा दलाल हुशार समजावा.

दुसरी गोष्ट गमतीची नाही. काळी म्हणजे सेंद्रिय खताने भरलेली, अशी आपली पक्की समजूत आहे. ती युक्रेनच्या काळ्या मातीला लागू पडते. तिथे गवताळ प्रदेशात हजारो वर्षं कुजत राहिलेल्या मुळांचा ह्युमस साठला आणि त्यानेच माती काळी झाली. शाळेच्या भूगोलात आपली रेगूर आणि ती चेर्नोझेम शेजारीशेजारी बसवलेल्या असतात, तिथूनच हा घोटाळा होत असावा. आपल्याकडच्या काळीत सेंद्रिय पदार्थ बहुधा एक टक्क्याच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. मग ती काळी कशी? जुनं स्पष्टीकरण असं की बेसाल्टातून आलेल्या टायटॅनियमयुक्त लोहखनिजाचे बारीक कण तिला काळं करतात. नंतरच्या अभ्यासकांचा भर वेगळ्या गोष्टीवर आहे: जो थोडासा ह्युमस आहे, तो स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतो आणि चिमूटभर निळीने बादलीभर पाणी रंगावं तशी सगळी माती गडद करतो. कोणतंही स्पष्टीकरण घ्या, रंगावरून खताचा साठा मोजता येत नाही, एवढं दोन्हींतून निघतं.

‘खडक काळा म्हणून माती काळी’ असं सांगणारेही पुष्कळ भेटतात. त्यांना कोकणात पाठवावं. रत्नागिरीच्या जांभ्या दगडाच्या आणि तांबड्या मातीच्या मुळाशीही हाच दख्खनचा बेसाल्ट आहे. साडेसहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो चुना, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेतो, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं, आणि लोहाच्या गंजाने माती लाल होते. परभणीत पाऊस हजाराच्या आत, जमीन सपाट, निचरा कमी. इथे चुना राहिला, चिकणमाती राहिली. इतक्या लांबही जायला नको. जिंतूरच्या डोंगरउतारावर तांबूस हलकी जमीन आणि खाली सखलात काळी, हे एका चढावर पाहायला मिळतं.

काळी जमीन चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती चांगली आहे चिकणमातीमुळे. पावसाळ्यात फुगून पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि धरलेल्या त्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी एकाही पावसावाचून कणसाला येते. हा गुण पाणी धरण्याचा आहे. घरात तिजोरी मोठी आहे म्हणजे ती भरलेली आहे, असं आपण गृहीत धरलं आणि शेणखताच्या गाड्या बंद केल्या.

रंगाचा हा धडा पिकावर चढला की तो थेट खिशाला लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एकच वाक्य ऐकू येतं, “भाऊ, सोयाबीन पिवळं पडायलंय, काय मारावं?” उत्तर ठरलेलं: युरिया टाका. पिवळं म्हणजे नत्र कमी, हे समीकरण डोक्यात पक्कं. पण नत्र कमी पडतं तेव्हा आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर कमतरता लोहाची असते. ज्या जमिनीत लोह खच्चून भरलंय, तिथेच ही कमतरता! चुनखडीमुळे जमीन अल्कधर्मी होते, मग लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, आणि पाणी साचलं की आणखीच अडतं. त्याला फेरस सल्फेटची फवारणी लागते. आणि पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची नक्षी उमटली असेल, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला मोझॅक विषाणू. तिथे दोन्ही उपाय फुकट. तीन पिवळे, तीन कारणं. मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतःच घेणाऱ्या सोयाबीनला आपण सरसकट युरिया घालत राहतो, हे मला या भागातलं सर्वांत महागडं रंगांधळेपण वाटतं.

कपाशीवरच्या लाल्याचंही तेच. पानं लाल झाली म्हणजे रोग आला, रोग आला म्हणजे औषध हवं. लाल्या हा पसरणारा रोग नाही. रात्रीचं तापमान पंधरा अंशांच्या खाली उतरलं, बोंडं भरण्याच्या वेळी नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडलं, पाण्याचा ताण बसला किंवा तुडतुड्यांनी रस शोषला, की पानातलं हरितद्रव्य घटतं आणि अँथोसायनिन हे लाल द्रव्य पुढे येतं. बुरशीनाशकाची बाटली त्याला काही करत नाही. फुलं येण्याच्या सुमारास मॅग्नेशियम सल्फेट दिलेलं उपयोगी पडतं, पान लाल झाल्यावर उशीर झालेला असतो.

फुलाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. शहरातल्या बऱ्याच जणांना कपाशीचं फूल म्हणजे फुटलेलं पांढरं बोंडच वाटतं. अमेरिकन कपाशीचं फूल उमलतं त्या दिवशी दुधी-पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. रुईही निसर्गाने पांढरीच केलेली नाही. आंध्रात काकिनाडा भागातली तपकिरी कपाशी एके काळी परदेशी जात होती.

रंगावरून गुण ठरवायची ही खोड स्वयंपाकघरातही आहे. अंगात रक्त कमी, म्हणून बीट खा. का, तर बीट लाल आहे! बिटाचा लाल रंग बीटालेन नावाच्या द्रव्याचा, त्याचा लोहाशी संबंध नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 2018 मध्ये इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीने ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण दिलं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे, आणि भाकरी मात्र पांढरीच होते. तसंच दुधाचं. लाल कंधारी गाईचं दूध पिवळसर, म्हणून सकस; म्हशीचं पांढरंफेक, म्हणून त्यात अ जीवनसत्त्व नाही, असं छातीठोक सांगतात. चाऱ्यातलं कॅरोटीन गाय बरंचसं तसंच दुधात उतरवते, म्हैस त्याचं जीवनसत्त्व करूनच देते. त्याचा रंग दिसत नाही, एवढंच. अंड्याच्या तपकिरी कवचाचे जादा पैसे मोजणाऱ्यांना काही सांगायला गेलो तर वाद होतो. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि बलकाचा खाद्यावर, त्यात झेंडूचा अर्क मिसळला तरी बलक केशरी होतो.

शेतकरी मित्रांना मात्र विनंती आहे. 2015 पासून जमीन आरोग्य पत्रिकेची योजना आहे, परभणीत विद्यापीठही आहे. पुढची पेरणी होण्याआधी, खत टाकण्याच्याही आधी, शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन माती एकत्र करा. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याची सोडा. त्यातली अर्धा किलो तपासायला द्या. पत्रिका हातात आली की नत्र-स्फुरद-पालाशाआधी सेंद्रिय कर्बाचा आकडा शोधा. तो 0.40 च्या खाली असेल, तर तुमची काळी कितीही काळी दिसो, ती उपाशी आहे. यंदा कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर पेटवू नका, त्या तिला खाऊ घाला.